क्रिटा आणि पेन टॅब्लेट : चित्रकलेच्या तासाला आठ महिने

गेल्या जूनपासून नाशिकमधील आमच्या शाळेत सातवी ते नववीच्या चित्रकलेच्या तासाला मी क्रिटा हे चित्र काढण्याचे सॉफ्टवेअर आणि पडदा नसलेले चार पेन टॅब्लेट (पेनने काढलेली रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटवणाऱ्या पाट्या) वापरत आहे. क्रिटा विनामूल्य आणि मुक्त स्रोत असल्यामुळे संगणक कक्षातील प्रत्येक यंत्रावर ते बसवता आले. खर्च झाला तो टॅब्लेटचा.

सुरुवातीचे तीन आठवडे कठीण गेले. हात टेबलावर, नजर समोरच्या पडद्यावर आणि रेघ भलतीकडेच, अशी मुलांची अवस्था होती. कागदाकडे न पाहता फक्त वस्तूकडे पाहून बाह्यरेषा काढण्याचा जुना सराव मी पुन्हा करून घेतला, तेव्हा हात बसू लागला.

खरा लाभ झाला तो संकल्पचित्रात. पैठणीच्या काठावरील मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, काढायला दिली असताना आठवीतील एका मुलीने चित्र इतके मोठे करून पाहिले की पडद्यावर नुसते चौकोन दिसू लागले. तिच्या मामांचा येवल्याला माग आहे, आणि विणायची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर आलेख म्हणून काढतात. "सर, हे तर आमच्या आलेखासारखंच आहे," असे ती म्हणाली, आणि त्या दिवसाचा पाठ मी तिथेच बदलला. उभ्या-आडव्या धाग्यांच्या विणीत पोपटाची पाठ गोल दिसली, तरी ती पायऱ्यापायऱ्यांनीच घडते. पडद्यावरच्या त्या चौकोनांचे, म्हणजे पिक्सेलचेही तसेच आहे. आम्ही ६४ बाय ६४ पिक्सेलचा छोटा कॅनव्हास घेतला आणि एकेक चौकोन भरत मुनिया काढली. त्यानंतर क्रिटामध्ये इंग्रजी डब्ल्यूची कळ दाबली की तोच कॅनव्हास चहूबाजूंनी पुनरावृत्त होऊन दिसतो, हे दाखवले. उजव्या कडेला तुटलेला पंख डाव्या कडेतून बाहेर आलेला पाहून ती मुलगी पेन उचलून काही क्षण नुसती पाहत राहिली. पुनरावृत्तीची ही जाण फळ्यावर चौकटी आखून द्यायला मला एरवी कित्येक तास लागत असत.

तक्रार आहे ती अनडूबद्दल. चुकलेली रेघ क्षणात पुसता येते म्हणून मुले एकच वळण वीस-वीस वेळा काढतात, आणि रेघ सुधारण्याऐवजी भित्री होत जाते. आता पहिली दहा मिनिटे अनडू वापरायचे नाही, असा नियम केला आहे. त्याचप्रमाणे जलरंग ओल्या कागदावर कसा पसरतो, कुठे थांबवायचा, हे कोणत्याही डिजिटल कुंचल्याने शिकवता आलेले नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षाही कागदावरच द्यायच्या असल्याने आठवड्यातील दोन तासांपैकी एक मी कागदासाठी राखून ठेवला आहे.

यंत्रांच्या अडचणी थोडक्यात सांगतो. ४ जीबी मेमरीच्या जुन्या संगणकांवर मोठा कॅनव्हास आणि अनेक लेयर (चित्राचे एकावर एक थर) घेतले की कुंचला मागे राहतो, त्यामुळे २००० पिक्सेलच्या पुढे आम्ही जात नाही. दिवाळीपूर्वी वीज गेल्याने एका गटाचे पूर्ण तासाचे काम नाहीसे झाले. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी आपोआप जतन होईल अशी सोय केली आहे. पेनची टोके सहा महिन्यांत झिजली आणि ती विक्रेत्याकडे मिळाली नाहीत. खरेदीच्या वेळीच जादा टोके मागून घ्यावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसऱ्या सत्रात मोबाइलवर स्टॉप मोशन, म्हणजे एकेक छायाचित्र जोडून चलचित्र करणे, सुरू केले. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतील वाटाण्याची वाढ चौकटी-चौकटींनी टिपून छोटा चित्रपट केला होता, हे सांगितल्यावर मुलांनी मूग पेरले. शाळेच्या सहा दिवसांत रोज दोन याप्रमाणे चार आठवड्यांत ४८ छायाचित्रे झाली. सेकंदाला १२ या गतीने त्यांचा चित्रपट जेमतेम चार सेकंदांचा होतो. झाडलोट करताना मोबाइलचा स्टँड हलल्याने मध्येच कुंडी उडी मारते. म्हणून मुलांनी फरशीवर खडूने स्टँडच्या पायांच्या जागा आखल्या. रविवारी छायाचित्र घेता येत नाही, त्यामुळे दर सोमवारी रोप एकदम उंच झालेले दिसते. पुढच्या खेपेला कुंडी शाळेजवळ राहणाऱ्या एका मुलाच्या घरी ठेवायची, असे वर्गाने ठरवले आहे.