बिलावर ३१६, बोटीवर भलतंच

घाटावर राहून समुद्रात बोट ठेवणारे आपल्याकडे थोडेच, पण आहेत. शनिवारी पहाटे आंबा घाट नाहीतर गगनबावडा उतरून जाणारे. त्यांच्यासाठी आणि जुनी शिडाची बोट घेऊन ती नीट करायच्या विचारात असलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितोय. आम्हाला ज्या पद्धतीनं फसवलं ती पद्धत कागद कितीही चाळले तरी सापडत नाही. माल तपासला तरच सापडते.

बोट माझी आणि दाजींची, भागीत. २८ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची, १९८०च्या दशकातली. दाजी नौदलातून निवृत्त झालेले, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेला. त्यामुळं वारा-पाणी ते बघतात आणि लोखंडाचं मी. बोटीचं अंग भक्कम होतं. त्या काळच्या बोटींना फायबर जाड घालायचे, ते सहसा टिकतं. थकतं ते बाकीचं. डोलकाठीला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा, त्या तारा जिथं अडकवतात त्या चेनप्लेट, तळातले वॉल्व्ह, वायरिंग, आतल्या प्लायच्या आडभिंती. तारा साधारण १० ते १५ वर्षांत बदलायच्या असतात. आधीच्या मालकानं त्या कधी बदलल्या याचा कागद नव्हता, म्हणून सगळंच एकदम करून घ्यायचं ठरलं.

काम कोकणातल्या एका ठेकेदाराला दिलं. त्याच्या कोटेशनमध्ये प्रत्येक ओळीला ग्रेड होती. चेनप्लेट आणि बोल्ट एसएस ३१६ (खाऱ्या पाण्यात टिकणारं स्टेनलेस स्टील), वॉल्व्ह गनमेटलचे (तांबं-कथलाचा मिश्रधातू), प्लाय मरीन आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक), वायर टिन्ड कॉपर (कथलाचा मुलामा दिलेलं तांबं). दरही त्याच मालाचे लावलेले. सोबत स्टील मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. काम बघायला गेलं की खिशातून लोहचुंबक काढायचा आणि पट्टीला लावून दाखवायचा, "बघा साहेब, चिकटतंय का? अस्सल ३१६ आहे."

हा चुंबक म्हणजे निव्वळ धूळफेक आहे, हे नीट लक्षात घ्या. ३१६ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण ३०४लाही (ही त्याच्याखालची, नेहमीच्या वापरातली ग्रेड) चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०० सिरीजच्या स्टीललाही चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ची पट्टी गार वाकवली तर बाकाशी ती थोडी ओढ दाखवते. म्हणजे चुंबकानं चांगला माल खोटा आणि खोटा माल चांगला ठरू शकतो. ३१६चं वेगळेपण आहे ते २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम या धातूमध्ये, आणि ते ना डोळ्यांना दिसतं ना चुंबकाला कळतं.

पावसाळाभर बोट किनाऱ्यावर झाकून होती. नारळी पौर्णिमा झाल्यावर ताडपत्री काढली, तर चेनप्लेट डेकमधून वर येते तिथं सीलंटच्या कडेनं तांबूस ओघळ आलेले. दाजींनी एक बोल्ट सोडवला. डोकं चकचकीत, आटे चकचकीत, आणि मधला जो भाग डेकच्या पोटात गाडलेला असतो तिथं नखात अडकतील असे खड्डे. स्टेनलेस स्टील टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजननं त्याच्यावर धरलेल्या पातळ थरामुळं. सीलंटखाली खारं पाणी कोंडून राहिलं की तिथं ऑक्सिजन पोचत नाही आणि तो थर मरतो. हा रोग ३१६लाही होतो, पण मॉलिब्डेनममुळं त्याला सहसा जास्त वेळ लागतो. एका पावसाळ्यात एवढं झालं म्हणून शंका आली.

बोल्ट आणि चेनप्लेटचा उरलेला तुकडा घेऊन कोल्हापूरला आलो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या मशीनला, लावला. आपल्याकडं फाउंड्रीमुळं ही सोय हाताशी आहे. तुकड्याचा पृष्ठभाग घासून सपाट करतात, त्यावर ठिणगी मारतात, पावलीएवढा काळा डाग पडतो आणि थोड्या वेळात पडद्यावर सगळे घटक टक्क्यांत येतात. मॉलिब्डेनमच्या रकान्यात नावापुरता आकडा. निकेल, जे ३१६मध्ये १०च्या वर हवं, ते १च्या आसपास. मँगॅनीज, जे २च्या आत हवं, ते ९च्या घरात. मशीनवरच्या दादांनी तुकडा हातात फिरवला आणि म्हणाले, "काय ओ, हे ३०४ सुदिक न्हाई. हे भांड्याचं स्टील हाय. कुठं लावलंय ह्ये?" बोटीची डोलकाठी यावर उभी आहे म्हटल्यावर ते गप्पच झाले.

मग सर्टिफिकेट काढून बघितलं. ते खोटं नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त संताप आला तो याचाच. मिल अस्सल, आकडे ३१६चेच. पण सर्टिफिकेटवर हीट नंबर असतो, म्हणजे धातू ज्या ओतीतून आला तिचा नंबर. तो मालावरही असायला हवा. पट्टी कापली तर प्रत्येक तुकड्यावर पुन्हा ठोकून घ्यायचा असतो. आमच्या एकाही पट्टीवर नंबर नव्हता. दुसऱ्याच मालाचं खरं सर्टिफिकेट आमच्या खोट्या मालाला जोडलेलं. अशी एक झेरॉक्स किती गिऱ्हाइकांना पुरत असेल!

त्यानंतर काहीच सोडलं नाही. तळातले वॉल्व्ह गनमेटलचे नव्हते, साध्या पितळेचे होते, जस्त जवळजवळ ४० टक्के. खारं पाणी पितळेतलं जस्त खाऊन टाकतं आणि मागं भुसभुशीत तांबं उरतं. चाकूनं खरवडलं की पिवळ्याऐवजी गुलाबी दिसायला लागतं. एका वॉल्व्हच्या गळ्याशी ते दिसायला लागलेलं. पाण्याखाली दोन फुटांवरचा दीड इंची वॉल्व्ह तुटला तर मिनिटाला १०० लिटरहून जास्त पाणी आत येतं. भर समुद्रात, रात्री, घरातली पोरं आत झोपलेली असताना. हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं कुणी मला सांगू नये.

वायरिंगमध्ये तर लबाडीची कमाल. स्विचबोर्डापाशी दिसणारा हात-दीड हात भाग टिन्ड वायरचा, तोडल्यावर आत रुपेरी तारा. पुढं पॅनलच्या मागं जोड मारलेला, आणि तिथून डोलकाठीच्या दिव्यापर्यंत घरगुती तांब्याची वायर, आत्ताच काळी पडलेली. प्लायवर आयएस ७१०चा शिक्का ठळक होता. त्या प्रमाणात बसणारा प्लाय ७२ तास उकळला तरी सुटता कामा नये. आम्ही त्याचा एक तुकडा पाण्याच्या हंड्यात उकळायला टाकला. दुपारच्या जेवणाआधी त्याचे पापुद्रे सुटे झाले होते.

ठेकेदाराला फोन केला तर पहिल्यांदा "समुद्राचं पाणीच तसलं असतं साहेब", मग "दुकानदारानं मला फसवलं", आणि रिपोर्ट पाठवल्यावर फोन उचलणंच बंद. शेवटचा हप्ता सोडून सगळे पैसे त्याच्याकडं गेलेले आहेत.

तक्रारीसाठी कोकणात हेलपाटे घालावे लागतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं जाता येतं, म्हणून आम्ही कोल्हापुरातच दाखल केली. मुदत २ वर्षांची आहे. बोट धंद्यासाठी नसून स्वतःसाठी असायला हवी. काढलेला माल आम्ही साक्षीदारांसमोर पिशव्यांत सील करून, सह्या घेऊन ठेवलाय; आयोग स्वतः नमुना प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो, तेव्हा सगळाच माल तपासणीत संपवू नका.

नवीन चेनप्लेट आता उद्यमनगरात होतायत. पट्टी आधी स्पेक्ट्रोला, मग कटिंगला, नंबर ठोकून. कामाला बाहेर देणार असाल तर करारात एक ओळ घालून घ्या: प्रत्येक मालाचा तुकडा मालकाला मिळेल, आणि हप्ता त्याचा रिपोर्ट आल्यावरच. खरा काम करणारा याला नाही म्हणणार नाही. तपासणीला लागतात काही शेकडे रुपये. लॅब जवळ नसेल तर बॅटरीवर चालणारं मॉलिब्डेनमचं थेंबाचं किट मिळतं, ते ग्रेड सांगत नाही पण मॉली आहे की नाही एवढं दाखवतं.

त्याच माणसानं दुसऱ्या दोन बोटींचं काम केल्याचं कळलंय, त्यांच्या मालकांना आम्ही रिपोर्ट पाठवलेत. तुमच्या बोटीचं काम कोकणात अलीकडं झालं असेल तर ती पाण्यात ढकलायच्या आधी चेनप्लेटचा एक बोल्ट पूर्ण बाहेर काढून मधला भाग बघा, आणि तळातला प्रत्येक वॉल्व्ह खरवडून बघा.