पहिली सुरी घरी करायची तर: कानस, भट्टी की करवतीचं जुनं पातं?

स्वतःच्या हातांनी सुरी करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी ऐरण आणि भट्टी शोधायला निघतात. मी सांगेन, आधी स्टील ठरवा. स्टील ठरलं की पद्धत जवळपास ठरूनच जाते. जोडी चुकली तर महिनाभर घासूनही पातं होत नाही आणि छंद तिथेच सुटतो.

साध्या अवजारांत जमणाऱ्या जोड्या तीन: ट्रकच्या कमानीचा पाटा आणि भट्टी, नवी पातळ पट्टी आणि कानस, किंवा पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्रकरवतीचं, वापरलेलं पातं आणि हँड ग्राइंडर.

पाट्याचं आकर्षण मला पूर्ण समजतं. आपल्याकडचे लोहार आणि घिसाडी कोयते, कुऱ्हाडी याच पाट्यातून घडवत आले आहेत. भंगारात तो किलोवर मिळतो आणि चिवट असतो. पण त्याची जाडी साधारण ६ ते १२ मिलिमीटर, आणि स्वयंपाकघरातल्या सुरीला २ ते ३ पुरतात. उरलेलं सगळं कानशीने काढणं म्हणजे हातांचा छळ. शिवाय गाडीसाठी त्याला आधीच पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेलं असतं, त्यामुळे कानस नीट धरत नाही. म्हणजे पाटा घेतला की भट्टी आली, भाता किंवा ब्लोअर आला, सांडशी आली, ऐरण आली आणि शेजाऱ्यांच्या कानावर घण आला. फ्लॅटमध्ये हे जमणार नाही. गावी मोकळं अंगण असेल तर जरूर करा. ऐरण म्हणून भंगारातला लोखंडाचा भरीव ठोकळा चालतो. रुळाचा तुकडा कुणी देऊ केला तर तो कुठून आला हे आधी विचारा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून वेगळा कायदा आहे.

पाट्याचा आणखी एक दोष असा, की वर्षानुवर्षं वाकून-सरळ होऊन त्यात बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. पातं घडवून, घासून, गरम करून तेलात घातलं की मग उघड्या पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते. ठोकून घडवलेलं पातं आपोआप जास्त मजबूत होतं, हा समजही सोडा. कारखान्यातून लाटून आलेली पट्टी मुळातच एकजीव असते. उलट भट्टीत जास्त तापलं तर पोलादाचा दाणा मोठा होतो, कार्बन जळतो आणि पातं ठिसूळ होतं. ठोकण्यात आनंद आहे, आकार देण्याचं स्वातंत्र्य आहे. ते हवं असेल तर भट्टी घ्या.

माझं मत पट्टी आणि कानशीच्या बाजूने आहे. १०७५ किंवा १०८४ प्रकारचं साधं कार्बन स्टील, ३ मिलिमीटर जाडीचं आणि नरम अवस्थेतलं मागवा. आकड्याचे शेवटचे दोन अंक कार्बन सांगतात: ०.७५ टक्के, ०.८४ टक्के. त्याला लागतं काय? लोखंड कापायची हातकरवत, व्हाइस, एक मोठी खरखरीत कानस, एक बारीक कानस, ड्रिल आणि पॉलिश पेपर. कानशीला सळई बांधून ती एका कडीतून सरकवली की धारेचा उतार दोन्ही बाजूंना सारखा येतो. दोन-तीन शनिवार-रविवार जातील, पण चूक हळू होते आणि वेळेवर दिसते. ग्राइंडरवर ती क्षणात होते. मुठीच्या रिव्हेटची भोकं पाणी देण्याआधीच पाडा, नंतर ड्रिल घसरेल. धारही आत्ताच कागदासारखी करू नका. नाण्याच्या जाडीइतकी कड ठेवा, नाहीतर ती तेलात वाकडी होते.

पहिलं पातं चार-पाच इंचांचं, भाजी-फळांचं करा. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत, पण खंजिराच्या घाटाचं काही करून ते घरगुती आहे असं सांगत बसायची वेळ आणू नका.

हॅक्सॉच्या पात्याबद्दल थोडक्यात. ते हायस्पीड स्टीलचं (यंत्रांच्या कापणाऱ्या हत्यारांसाठीच्या कडक पोलादाचं) असेल तर आधीच कडक असतं, पाणी द्यावंच लागत नाही. ग्राइंडरवर आकार द्या, मूठ बसवा, झालं. चामडं कापायच्या रापीसारख्या छोट्या हत्याराला उत्तम. मात्र काही पात्यांत फक्त दातांची कडच कडक असते आणि बाकीचं अंग साधं. तेच दात घासून टाकले तर हाती काहीच उरत नाही. भोक पाडणंही कठीण. मला ही वाट सोयीची वाटते, शिकवणारी नाही.

उरलं पाणी देणं. छोट्या पात्याला कोळशाची लहान शेगडी आणि हवेचा झोत पुरतो. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. त्याहून थोडी जास्त लाली आली की सरळ कोमट तेलात. लोहार पाण्यात बुडवतात, पण पातळ पात्याला पाण्यात तडा जाण्याची भीती मोठी. तेल शेंगदाण्याचं चालेल, भांडं धातूचं आणि झाकणाचं हवं, हे काम घराबाहेरच करायचं आणि शेजारी वाळूची बादली ठेवायची. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नका. मग जुनी कानस पात्यावर घासून पाहा: ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर काम झालं. लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवा, म्हणजे ठिसूळपणा जातो.

आग नकोच असेल तर औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंट करणारे असतात. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘ग्रेड कोणता?’ पट्टी विकत घेतलेली असेल तर एका आकड्यात उत्तर देता येतं. भंगारातल्या पाट्याला ते नसतं. स्टेनलेसची सुरी हवी असेल तर मात्र ही वाट बहुधा धरावीच लागेल, कारण त्याला हजार अंशांच्या आसपास किंवा वर नेऊन ठरावीक वेळ तिथेच धरून ठेवावं लागतं आणि कोळशाच्या शेगडीवर ते साधत नाही.