नौपाड्यातलं स्कॅनिंगचं दुकान: काम चकाचक, पण तारखा गायब

अण्णांनी तीसेक वर्षं जुन्या इमारतींची कात्रणं जमवली. वागळे इस्टेटमधून घरी आले की चहा, कात्री आणि खळ. दोन बॉक्सफाइली, 212 कात्रणं. वाळवी लागायच्या आत स्कॅन करावीत म्हणून ठाण्यात नौपाड्यातल्या एका दुकानात दिली. (नाव लिहीत नाही, मालक भला माणूस आहे.) कात्रणाला 8 रुपये. चार दिवस सांगून नऊ लावले, ते सोडून दिलं.

अक्षर खरंच सुरेख उठलंय. 1995 च्या मुंबईच्या वारसा नियमावलीची बातमी पिवळी पडली होती, ती आता चष्म्याशिवाय वाचता येते. पण अण्णा कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवून कडेला पेन्सिलीनं पेपरचं नाव, तारीख आणि स्वतःचा शेरा लिहायचे. ती सगळी कड दुकानातल्या पोरानं उडवली. "काका, क्रॉप केलं की क्लीन दिसतं."

क्लीन दिसतं, पण कळत काहीच नाही. काळाघोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनचं, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचंच घ्या. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची ती इमारत. 2005 मध्ये तिचा काही भाग कोसळून एक माणूस गेला. त्या आठवड्याची नऊ कात्रणं फाइलीत आहेत, आणि त्याआधीचं एकच, तेही वाचकाचं पत्र. अण्णांचा शेरा: "पडल्यावर पान 1." स्कॅनमध्ये शेरा नाही, तारीख नाही. दहाही कात्रणं एकाच दिवसाची वाटतात.

आमच्या ठाण्याचंही तेच. 1853 ची पहिली गाडी दर 16 एप्रिलला पेपरात येते. तीनच दिवसांनी 19 एप्रिल. 1910 मध्ये त्या दिवशी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हा तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, हे आमच्या सोसायटीत निम्म्यांना ठाऊक नाही. त्याबद्दल अण्णांनी संपादकांना पाठवलेली पत्रं फाइलीत आहेत, छापून आली ती दोन. कुठल्या वर्षी? स्कॅन बघून मलाही सांगता येणार नाही. उद्या एखाद्या जुन्या वास्तूसाठी हरकती-सूचना मागवल्या आणि मी ही पत्रं जोडली, तर "कधीचं आहे हे?" हाच पहिला प्रश्न येणार.

मूळ कागद परत मिळाले, हे नशीब. मात्र गठ्ठा पत्त्यांसारखा पिसलेला. अण्णांनी विषयवार लावलेलं सगळं गेलं.

मालकांना दाखवलं. ते खजील झाले, पोराला ओरडले आणि म्हणाले, "पुन्हा करून देतो, पण कडेसकट म्हणजे ए-फोर. त्याचे 10 रुपये."

दुकानाला पाचात अडीच गुण. उरलेलं घरीच मोबाइलवर करतोय, रोज रात्री दहा. आज 1988 पर्यंत आलो.