साठ वॅट आत, आठ हजार वॅट बाहेर

गेली अठरा वर्षं मी लोकांची बिलं तपासते. इंदूरच्या सियागंजातल्या एका आडतीवर हिशेब बघायचं माझं काम. चुकीचा जीएसटी नंबर माझ्या नजरेतून सुटत नाही, असं आमचे सेठजी चारचौघांत सांगतात. म्हणूनच रस्त्यावरच्या व्हॅनमधून बनावट होम थिएटर घेतल्याची ही गोष्ट मी चार महिने घरच्यांखेरीज ओळखीच्या कोणाला सांगितली नव्हती, अगदी माहेरीसुद्धा. आता सांगते आहे, कारण परवा आमच्याच सुदामा नगरात शेजारच्या वहिनींना तशीच व्हॅन दिसली.

मुलगा अकरावीत. टीव्ही ४३ इंची घेतला, तेव्हापासून त्याचं टुमणं होतं की चित्र मोठं झालं पण आवाज अजून डब्यातून येतो. ते खरंच होतं. टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकर बिचारे मागे भिंतीकडे नाहीतर खाली जमिनीकडे तोंड करून बसलेले असतात. हे म्हणाले, पंधरा हजारांच्या आत बसत असेल तर बघा. आमच्याकडे हे कधीच नाही म्हणत नाहीत, फक्त आकडा सांगतात.

आम्ही महाराणी रोडवर दोन संध्याकाळी फिरलो. नावाजलेल्या कंपनीचा साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर), वूफर (खोल आवाजाचा डबा) आणि वायरवाले मागचे दोन स्पीकर असा सेट सतराच्या पुढे. दुसरीकडे बाराला होता, पण त्याला मागचे स्पीकरच नव्हते, नुसता साउंडबार आणि वूफर. मुलाला मागून आवाज हवा होता. माझ्या डोक्यात "पाच पॉइंट एक" एवढंच बसलं होतं. हिशेबवाली बाई म्हटल्यावर हे मला पाच पूर्णांक एक दशांश वाटलं होतं हेही कबूल करते. पुढचा मधला, डावा, उजवा आणि मागचे दोन, असे पाच; आणि तो पॉइंट एक म्हणजे फक्त खोल, घुमणाऱ्या आवाजाची वेगळी वाहिनी, म्हणजे चॅनल, तिचं काम १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० कंपनांच्या, वर जात नाही. हे मला नंतर कळलं. सगळंच नंतर कळलं.

दिवाळीला दहा दिवस होते. अन्नपूर्णेच्या देवळातून मी आणि मुलगा परत येत होतो. रस्त्याच्या कडेला पांढरी व्हॅन, मागचं दार उघडं, आत चकचकीत खोके. तिशीतला पोरगा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची दोरी. मुलाशी मी मराठीत बोलत होते ते त्याने ऐकलं.

"ताई, मराठी का तुम्ही? आम्ही धुळ्याचे. एक मिनिट फक्त, घेऊ नका, नुसतं बघा."

इथेच अर्धा सौदा झाला. इंदूरच्या बाजारात दिवसभर "मैडमजी" ऐकून कान किटलेले असतात, त्यात कोणी ताई म्हटलं की पाय थांबतोच.

त्याची गोष्ट अशी: स्कीम नंबर ७८ या वसाहतीतल्या एका बंगल्यात होम थिएटर बसवायचं होतं. गोदामातून चुकून चार सेट निघाले, चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, तीनच. चौथा परत नेला तर मॅनेजर स्वतःच्या घरी नेणार. त्यापेक्षा मराठी माणसाच्या घरी गेला तर बरं. खोक्यावर छापील किंमत ४८,९९०. तो म्हणाला २८ द्या. मी हसले आणि चालायला लागले. चौकापर्यंत पोचेतो तो १४ वर आला होता.

आता विचार केला की वाटतं, ती गोष्ट माझ्यासाठीच शिवलेली होती. त्यात मला थोडीशी चोरी करायला लावली होती. माल चलनाबाहेरचा आहे हे त्याने सांगितलं, मी ऐकलं आणि मला ते चाललं. पुढे पोलीस ठाण्यावर हे वाक्य सांगताना जीभ अडखळली.

व्हॅनमध्ये इन्व्हर्टरवर त्याने सेट वाजवून दाखवला. ढोलाचं काहीतरी लावलं, इतकं मोठ्यांदा की छातीत दणका बसला. मुलगा खूश. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, ही दुकानदारांची जुनी युक्ती आहे. दोन सेट ऐकायचे तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवून ऐकावेत आणि ढोल नव्हे, माणसाचं बोलणं ऐकावं. बातम्या लावाव्यात. निवेदक डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर पुढे जाऊच नये.

सहा हजार फोनवरून दिले, आठ हजार रोख. पैसे घेणाऱ्याच्या खात्यावर एका बाईचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला, "अकाउंटवाल्या मॅडम." हे मलाच, हिशेबवालीला. चलनाची झेरॉक्स दिली. ती मी घडी घालून पर्समध्ये टाकली. ज्या कामाचा मला पगार मिळतो, ते मी त्या संध्याकाळी केलं नाही.

घरी ह्यांनी मागच्या भिंतीला ड्रिल करून दोन स्पीकर टांगले. दिवाळीत पाहुणे आले, सगळ्यांनी वा वा केली. आमचे सासरे, बाबा, तेवढे गप्प होते. ते गायक उस्ताद अमीर खाँ साहेबांचे भक्त. खाँ साहेब इंदूरचेच, तो आमच्या घरात अभिमानाचा विषय. भाऊबीजेच्या दिवशी बाबांनी त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, "बंद कर गं. खाँ साहेब विहिरीतून गाताहेत, आणि पाच विहिरींतून."

मुलाने मग इंटरनेटवरून तपासणीची फाइल शोधली. त्यात एक बाई एकेका स्पीकरमधून बोलते: पुढचा डावा, मधला, मागचा उजवा. आमच्याकडे ती बाई दर वेळी सगळीकडून एकदमच बोलली. मुलाने वायरी उलटसुलट केल्या, रिमोटवरची सगळी बटणं दाबली. शेवटी तो म्हणाला, "आई, हे पाच नाहीत. एकच आहे, पाच ठिकाणी."

महाराणी रोडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री बसतात, बाबांचा रेडिओ वर्षानुवर्षं तेच दुरुस्त करतात. वूफरचा डबा रिक्षात घालून नेला. त्यांनी तो उचलला, हलवला आणि उघडायच्या आधीच म्हणाले, "भाभीजी, इसमें माल नहीं, वजन है."

चार स्क्रू निघाले. आत तळाला सिमेंटचा ठोकळा चिकटवलेला होता. हातात घेतल्यावर डबा भारी लागावा, एवढ्यासाठीच. भारी सेट चांगला असतो हे लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, कारण चांगल्या वूफरचं चुंबक आणि ट्रान्सफॉर्मर खरंच जड असतात. आमच्या सेटचा ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा. बोर्डावर ४४४० नंबरच्या आयसी, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिप. ह्या आयसी कित्येक वर्षांपासून रिक्षातल्या टेपमध्येसुद्धा लागतात, एका आयसीतून दोन वाहिन्यांना मिळून दहा-बारा वॅट निघाले तर पुष्कळ. स्पीकरच्या जाळीमागे दोन-दोन गोल दिसत होते, त्यातला वरचा चालू, खालचा नुसता प्लास्टिकचा, त्याला वायरच नाही. आणि डब्याच्या मागे ज्या भोकाखाली "ऑप्टिकल" (प्रकाशातून आवाज नेणाऱ्या वायरीची जागा) असं छापलं होतं, ते आतून कशालाच जोडलेलं नव्हतं. मिस्त्रींनी त्यातून पेन्सिल आरपार घालून दाखवली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला दुकानात कोणीच सांगितलं नव्हतं. टीव्हीतून लाल-पांढऱ्या पिनांची वायर निघते तिच्यातून दोनच वाहिन्या जातात, डावी आणि उजवी. पुढे डब्याला पाच स्पीकर लावा नाहीतर पंचवीस, माल दोघांचाच. सहा वाहिन्या वेगळ्या हव्या असतील तर टीव्हीपासून डब्यापर्यंत ऑप्टिकल वायर किंवा एचडीएमआयची एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारी) लिहिलेली जागा हवी आणि डब्यात डॉल्बी, म्हणजे एकत्र बांधून आलेल्या वाहिन्या, उलगडणारा डीकोडर हवा. तो नसेल तर बोर्ड डावं-उजवं मिसळून मधल्यात पाठवतो आणि तेच पुन्हा मागच्या दोघांत ओततो. "पानी एक ही टंकी का है, नल पाँच," असं ते म्हणाले. बाबांच्या विहिरीपेक्षा हे मला लवकर कळलं.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ८,००० वॅट पीएमपीओ छापलेलं होतं. पीएमपीओ कसं मोजायचं याला कुठलंच ठरलेलं माप नाही. एका क्षणार्धाची कल्पनेतली ताकद घ्या, सगळ्या स्पीकरांची बेरीज करा, वर हवी तेवढी शून्यं लावा. खरा आकडा आरएमएस, म्हणजे सतत किती देतो तो. चांगली कंपनी सोबत किती ओहमवर (स्पीकरचा रोध) आणि किती टक्के विकृतीवर (आवाज फाटण्याचं प्रमाण) हेही लिहिते, आणि दहा टक्क्यांवरचा आकडा एक टक्क्यावरच्या आकड्यापेक्षा फुगलेलाच असतो.

पण मला लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. डब्याच्या मागे, पेन्सिलवाल्या भोकाच्या शेजारी, छोटी पट्टी होती: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॅट. भिंतीतून साठ घेतो आणि आठ हजार देतो. असा ताळेबंद एखाद्या व्यापाऱ्याने माझ्यापुढे ठेवला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. आपल्या घरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम १,४०० वॅट ओढता येतात, म्हणजे आठ हजार खरे असते तर पहिल्याच ढोलाला मेन फ्यूज गेला असता.

घरी येऊन पर्समधलं चलन काढलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, मध्य प्रदेशचा असेल तर २३ ने सुरू होतो. ह्यावर ०७, म्हणजे दिल्ली, आणि अक्षरं चौदा. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, तक्रारीसाठी नंबर नाही. हे सगळं छापणं कायद्याने सक्तीचं आहे. छापलेली एकच गोष्ट ठळक होती, ती एमआरपी. आणि कंपनीचं नाव म्हणजे एका प्रसिद्ध नावातलं एक अक्षर बदललेलं. रस्त्यावरच्या दिव्यात ते मला प्रसिद्धच वाटलं होतं.

धुळ्याच्या पोराचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार केली, पण तोवर अडीच आठवडे होऊन गेले होते. हा फोन पैसे गेल्यागेल्या, तासाभरात करायचा असतो, खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत. ठाण्यात हवालदारांनी शांतपणे ऐकून विचारलं, "स्पीकर बज तो रहा है ना?" वाजत होता, त्याला मी काय करणार. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरच्या मुलीने मात्र नीट सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते, पण विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा. माझ्याकडे पत्ता म्हणून एक पांढरी व्हॅन होती. तिचा नंबरही मी बघितला नव्हता. आठ हजार रोखीचे तर कुठल्या कागदावरच नाहीत.

ह्यांनी एक शब्द उणा काढला नाही, ते जास्त लागलं. बाबा म्हणाले, सिमेंटचा भाव वाढलाय, ठोकळा तरी जपून ठेव. तो आता तुळशीच्या कुंडीखाली आहे. वजन केलं, अडीच किलोला जरा कमी.

वहिनींना मी त्या दिवशी एवढंच सांगितलं की त्याच्याशी भाव करू नका, डबा उलटा करायला सांगा आणि मागची पट्टी वाचा. वॅटचा आकडा नसेल किंवा तो पट्टी दाखवेना, तर बोलणं तिथेच थांबवा. पट्टी ठीक असेल तर मग पक्कं बिल मागा. पट्टीवर किंवा खोक्यावर आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर हे अ‍ॅप फोनमध्ये घ्या, त्यात तो टाकला की बनवणाऱ्याचं नाव दिसतं. त्या गेल्या तेव्हा व्हॅन निघून गेलेली होती, त्यामुळे ह्या उपायाची परीक्षा झालेली नाही.

सराउंड साउंडचं म्हणाल तर मिस्त्रींनीच वेगळा रस्ता काढला. आमचा हॉल दहा बाय बारा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मागचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, जरा पाठीकडे लागतात. आमच्याकडे पाठीमागे भिंतच आहे, म्हणजे खरा सेट आणला असता तरी तो अर्धाच वाजला असता. त्यांनी एका गिऱ्हाइकाने सोडलेली नावाजलेल्या कंपनीच्या दोन स्पीकरांची जोडी साडेचार हजारांत दिली. अँप्लिफायर त्यांच्याच हातचा, तीन हजारांचा, पक्क्या ट्रान्सफॉर्मरचा; मागे स्वतःच्या हाताने खरे वॅट लिहून दिले, वाहिनीला वीस. बातम्यांतला प्रत्येक शब्द कळतो. बाबांची जुनी ध्वनिमुद्रणं मुळात मोनोच, म्हणजे एकाच वाहिनीची, ती दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध उभी राहिल्यासारखी ऐकू येतात, आणि बाबा संध्याकाळी पुन्हा हॉलमध्ये बसायला लागलेत.

मुलाला अजून मागून आवाज हवा आहे. पुढच्या वर्षी बघू म्हटलंय, तोवर सोफा हलवता येतो का ते बघायचं. मागच्या भिंतीला ह्यांनी पाडलेली चार भोकं तशीच आहेत. पुट्टी आणून ठेवली आहे, भरायची राहिली आहे.