नवीन एमपीएलएस लाईन, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू (४ स्टार)

भुसावळात आपलं छोटं केबल-नेट आहे, मुंबईपर्यंतची लाईन दुसऱ्यांकडून घेतो, एमपीएलएसवाली, म्हणजे पॅकेटांवर लेबल लावून ठरलेल्या वाटेने पाठवणारी. आधीच्या कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांचं राउटर अपग्रेड निघालं की आमचे टनल (म्हणजे त्या ठरलेल्या वाटा) धडाधड पडायचे आणि परत उभे राहायला दहा-बारा मिनिटं. एकदा तर शेतातली भरीत पार्टी अर्धी टाकून ऑफिसला पळालो, पोहोचेस्तोवर लाईन आपोआप आलेली. फायबर तुटली तर समजू शकतो भो, हायवेला जेसीबी दिसला की पोटात गोळाच येतो, पण इथे फायबर शाबूत, पॉवर मीटरवर लेव्हल ओके, नुसतं सिग्नलिंगचं, म्हणजे टनल उभे करणारं सॉफ्टवेअर रिस्टार्ट झालं आणि तेवढ्यावर चालू ट्रॅफिक पाडलं!

म्हणून या नवीन कंपनीला आधीच विचारलं, आरएसव्हीपी-टीईचं (टनल उभारणाऱ्या प्रोटोकॉलचं) ग्रेसफुल रिस्टार्ट, म्हणजे ते सॉफ्टवेअर रिस्टार्ट झालं तरी चालू ट्रॅफिक न पाडायची सोय, चालू ठेवता का? सेल्सवाला गप्प. इंजिनिअरचा मात्र लगेच फोन आला आणि त्याने नीट सांगितलं. शेजारी राउटर एकमेकांना हॅलो (मी जिवंत आहे असा मेसेज) पाठवतात, त्यातच सांगून ठेवतात की मी गेलो तर इतका वेळ थांब. मग हॅलो थांबले तरी शेजारी टनल लगेच मोडत नाही, पॅकेटं जुन्याच लेबलवर जात राहतात. हॅलोतला इन्स्टन्स नंबर बदलला की त्याला कळतं गडी रिस्टार्ट होऊन आलाय, मग वरचा शेजारी (टनलमध्ये त्याच्या आधीचा राउटर) पाथ मेसेजमधून, म्हणजे टनल उभा करायच्या निरोपातून, आठवण देतो की बाबा तू हे लेबल वापरत होतास. हे 2003 च्या आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा कागद) 3473 मधलं. पण टनल जिथून सुरू होतो त्या राउटरला वर सांगणारं कोणीच नसतं, तिथे 2007 ची आरएफसी 5063 कामाला येते, खालचा शेजारी रिकव्हरी-पाथ पाठवून त्याची वही भरून देतो. अट एवढीच की फॉरवर्डिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं ती यादी) टिकलेलं पाहिजे, नाहीतर हॅलोत रिकव्हरी टाइम (सावरायला मिळणारा वेळ) शून्य येतो आणि मग विषय संपला.

मे महिन्यात त्यांनी नोटीस देऊन रात्री 2 ला रिस्टार्ट मारला. बनियनवर पिंग लावून बसलो, घाम नुसता गळतोय, एकही ड्रॉप नाही. त्या वेळात त्या राउटरवरून नवीन टनल उभा राहत नाही हे खरं, पण त्या टायमाला आपल्याला नवीन कशाला लागतोय.

एक स्टार कापला तो बिलिंगसाठी, तीन महिने झाले जीएसटी नंबर चुकीचाच छापून येतोय.