फिशटँकवरचा दिवा: खाऱ्या वाऱ्यातले दहा महिने

गेल्या दिवाळीत लेकीच्या हट्टापायी घरात फिशटँक आला. २४ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. काठोकाठ भरला तर ५६ लिटर, आम्ही भरतो ५० च्या आसपास. आत गप्पी, चार झेब्रा डॅनिओ, मागच्या काचेला व्हॅलिस्नेरिया या लांब पातींच्या पाणवनस्पतीची रांग आणि लाकडाच्या तुकड्याला बांधलेली जावा फर्न. घर रत्नागिरीजवळ भाट्याला, समुद्र चालत पाच मिनिटांवर. मासे पहिल्यापासून ठीक आहेत. दिवे मात्र तीन प्रकारचे झाले. दुकानात विचारलं की फक्त वॉट सांगतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आपल्या किनाऱ्यावर वॉटपेक्षा ओल आणि मीठ जास्त त्रास देतं.

टँकच्या प्लॅस्टिकच्या झाकणातच एक एलईडी पट्टी बसवलेली होती, ५ वॉटची, निळसर जांभळी. दुकानात त्या उजेडात गप्पींच्या शेपट्या अशा चमकत होत्या की लेकीने दुसरीकडे पाहिलंच नाही. महिन्याभरात व्हॅलिस्नेरियाची नवी पाती दोऱ्यासारखी बारीक आणि फिकट यायला लागली. पट्टी माशांचे रंग उठवण्यापुरती होती, झाडं पोसण्याइतका उजेड तिच्यात नव्हताच.

मग ओटीवरचा पिवळा बल्ब, ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), काढून वर टांगला. पिवळ्या बल्बने झाडं मरतात असं सर्रास सांगतात, पण आमची झाडं उलट सुधारली. त्या उजेडात तांबडा भाग भरपूर असतो आणि झाडांना तो चालतो. अडचण आपल्या डोळ्यांची. पाणी कोऱ्या चहासारखं दिसायचं, हिरवं पान मळकट. बघायला बसावंसं वाटत नसेल तर टँक ठेवायचा कशाला?

म्हणून साधा पांढरा घरगुती बल्ब आणला. ९ वॉटचा, ६५०० केल्विन, खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेलं असतं तो. त्यात मुळात निळ्या उजेडाची चिप असते आणि तिच्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो, म्हणजे निळा भाग मिळतो आणि थोडा तांबडाही. खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे बल्ब किती उजेड देतो त्याचा आकडा, जरूर बघा, पण ते माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजलेले असतात. झाडाला कोणता उजेड किती पोचतो, हे त्या आकड्यावरून पुरतं कळत नाही. आमच्यासारख्या कमी उजेडावर भागणाऱ्या झाडांना ९ वॉटचे दोन बल्ब पुरतात. एकच लावला होता तेव्हा मधोमध लख्ख आणि दोन्ही कोपरे काळोखात, असं झालं. दोन बल्ब रोज ७ तास चालले तरी महिन्याला ४ युनिटांच्या आत भागतं.

पहिला पांढरा बल्ब एप्रिलमध्ये गेला. चूक माझी: मी तो बंद झाकणाच्या आत बसवला होता. एलईडीची काच हाताला गार लागते म्हणून तो तापत नाही असं वाटतं, पण उष्णता त्याच्या बुडाशी साठते, आणि आतलं सर्किट नेमकं तिथेच असतं. वरून उन्हाळा आणि खालून पाण्याची वाफ. आता प्लॅस्टिकचं झाकण काढून साधी काच ठेवली आहे आणि तिच्यावर वीतभर उंचीवर दोन शेडमध्ये बल्ब उघडे टांगले आहेत. वायर बोर्डाकडे नेताना मध्ये खाली झोल दिला आहे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं, प्लगात शिरत नाही. हे कुणीही विसरू नये.

शेवाळाचा दोष मी बरेच दिवस बल्बला देत होते. खरं तर आम्ही दिवा सकाळी लावायचो तो रात्री झोपताना बंद करायचो. आधी काचेवर तपकिरी थर आला, मग जावा फर्नवर हिरवे केस. त्यात मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा खिडकीतून तासभर ऊन थेट टँकवर यायचं. पडदा लावला, दिवा ७ तासांवर आणला आणि महिन्याभरात केस विरळ झाले. बल्ब तोच होता.

तासांसाठी गोल चकतीचा टायमर घेतला, दुपारी ३ ते रात्री १०. मेपर्यंत उत्तम चालला. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि रोज वीज जायला लागली. चकती विजेवरच फिरते, त्यामुळे वीज नसेल तेवढा वेळ ती जागच्या जागी थांबते. एका रात्री दीड वाजता उठले तर माजघरात लख्ख उजेड, आणि झेब्रे मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून. टायमर चांगले चार तास मागे पडला होता. आता आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर आहे, वीज गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं. कोकणात घेत असाल तर सरळ हाच घ्या, दुप्पट पैसे पडले तरी.

जुलैत एक बल्ब लुकलुकायला लागला. मी नवीन बल्ब आणला, तोही लुकलुकला. शेवटी वायरमनना बोलावलं. ते म्हणाले, “वहिनी, बल्ब कशाला बदलताय, होल्डर बघा आधी.” मेन बंद करून त्यांनी होल्डर उघडून दाखवला. पितळी पिनांवर हिरवी पूड साचली होती, एक स्प्रिंग गंजून अर्धी झालेली, बोटाने दाबली तर वर येईना. खारा वारा बाहेरून आणि टँकची वाफ खालून, दोन्हीच्या मध्ये तो होल्डर आठ महिने लटकत होता. होल्डर बदलला, जुना बल्ब परत लावला, तो आजही चालू आहे. त्याच दिवशी त्यांच्याकडून बोर्डात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. पाण्यात हात घालायची सवय लेकीलाही आहे.

वरची काच दर रविवारी पुसते. आठ दिवसांत तिच्यावर मिठाचा आणि वाफेचा धुरकट पापुद्रा बसतो, आणि उजेड कमी झाल्याचं पुसल्यावरच लक्षात येतं.

एक गोष्ट उजेडाची नव्हे, पण झाडांची. परदेशातले हौशी लोक झाडांच्या मुळाशी लोह मिळावं म्हणून जांभ्याचा चुरा विकत घेऊन रेतीखाली घालत. आपल्याकडे घराच्या भिंती त्याच्याच. मी चिऱ्याचा मूठभर चुरा चार-पाच पाण्यांत धुऊन रेतीखाली घातला. व्हॅलिस्नेरियाची पाती आता पाण्याच्या पृष्ठभागावर पोचून आडवी वळली आहेत.

डावीकडचा होल्डर अजून जुनाच आहे. परवा खोलून पाहिला तर पिनांवर हिरवा ठिपका दिसला. चाकरमानी गणपतीला येतील, घर भरेल, त्याआधी तो बदलून घेणार आहे.