जळालेली पेठ : जुनी घडण की काँक्रीटचे संकुल?

खानदेशातील तालुक्याच्या गावात धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, सागवानी घरांची जुनी पेठ आगीत जळाली, तर उरलेल्या भिंती राखून पूर्वीच्या घडणीने बांधावे की सारे पाडून काँक्रीटचे संकुल उभारावे, हा प्रश्न गावापुढे येतो. संकुलात मजले वाढतात, गाळे वाढतात. लहान भाडेकरूला मात्र नवे भाडे अनेकदा परवडत नाही, आणि तो गेला की पेठही जाते.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उघडा स्लॅब तापून दुपारी दुकानात बसवत नाही. धाब्यावरील मातीचा जाड थर व रुंद भिंती ती उष्णता बराच काळ बाहेर थोपवतात. लाकूड जळते हे खरेच, तरी जाड सागवानी तुळईवर कोळशाचा थर धरतो व आतला गाभा काही काळ भार पेलतो. काँक्रीट फुटून उघडी पडलेली सळई मात्र सुमारे ५५० अंशांना जवळपास निम्मी ताकद गमावते. खरा धोका जुनाट वायरिंगचा आणि सलग छपरांचा असतो, म्हणून दोन घरांमध्ये छतापर्यंत विटांची भिंत हवीच.

अभियंत्याने भिंती भक्कम ठरवल्यास माझा कौल जुन्या घडणीला आहे. तडकलेल्या भिंती मात्र उतरवाव्यात.